दहा हजारांची वाटी, तीनशेची सहा चित्रं

खवचट (धागाकर्ता):
इटलीतल्या फ्लोरेन्सचा सत्ताधीश लोरेंझो मेदिची १४९२ साली वारला आणि तिथल्या त्याच्या वाड्यातल्या चीजवस्तूंची यादी झाली. तीत एका प्राचीन कोरीव दगडी वाटीची किंमत लावली आहे १०,००० फ्लोरिन (तिथली सोन्याची नाणी). (हीच ती 'ताझ्झा फार्नेझे', सध्या नेपल्सला असते.) आणि चित्रकार उच्चेलोची सान रोमानोच्या लढाईची तिन्ही चित्रं धरून एकूण सहा चित्रांची किंमत किती? सगळी मिळून ३००! वर या गृहस्थानं संग्रहातल्या जुन्या दगडी भांड्यांवर 'लाउर. मेद.' असं स्वतःचं नाव कोरून घेतलं. आपण लग्नातल्या डब्यांवर घालून घेतो तसं.

त्या काळचे इटालियन सत्ताधीश स्वतःची पदकं करून घेत, त्यांची गोष्टही वेगळी नाही. एका बाजूला स्वतःचा चेहरा, दुसऱ्या बाजूला स्वतःचे गुण, आणि नकला ओतून ओळखीपाळखीच्या दरबारांत वाटायच्या. रिमिनीचा सत्ताधीश मालातेस्ता यानं तर ती बांधकामांच्या भिंतींत पुरून ठेवली, म्हणजे पुढच्या पिढ्यांचीही सुटका नाही. मला तरी यात कलेपेक्षा मिरवणंच जास्त दिसतं.

नाणंवेडी:
साफ असहमत. वाटीची आणि चित्रांची तुलनाच चुकतेय. चित्र सांगून काढून घेता येत होतं. तसा अनेक थरांचा दगड आणि त्यात थर सांभाळून कोरलेलं काम पुन्हा कुठून आणणार?

पदकांबद्दल: ही बक्षिसाची पदकं नव्हेत आणि नाणीही नव्हेत. नाणं ठशानं पाडतात. पदकं घडवणारा पिसानेल्लो आधी मेणात चेहरा घडवायचा, त्यावरून साचा, मग साच्यात शिसं किंवा कांसं. फेराराचा सत्ताधीश लिओनेल्लो देस्ते याच्या १४४४ च्या लग्नाचं पदक बघा. मागच्या बाजूला एक सिंह, आणि त्याच्यासमोर छोटा कामदेव गाण्याचा कागद उलगडून धरून उभा. लिओनेल्लो म्हणजे छोटा सिंह! लग्नासाठी सिंहाला गाणं शिकवणं चाललंय. ही गंमत पदक हातात घेऊन, उलटून बघणाऱ्यासाठीच आहे. मिरवायचंच असतं तर चौकात पुतळा उभारला असता.

अर्धवटराव:
म्हणजे कांशाची लग्नपत्रिका. मागच्या बाजूला 'आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं' लिहायचं राहिलं 😄

मेणकापड:
ताई, एक भर. ओतलेल्या पदकावरून पुन्हा साचा करून ओतलं, की धातू गार होताना आकसतो आणि नक्कल मुळापेक्षा किंचित लहान होते. त्यामुळे जाणकार आधी व्यास मोजतात. बाकी पादुआच्या काव्हिनोनं सोळाव्या शतकात रोमन नाण्यांसारखे इतके हुबेहूब नग पाडले की त्यांना 'पादुआन' असं नावच पडलं. गिऱ्हाईक असल्याशिवाय माल निघत नाही. तेव्हा वेड खरं होतं, पण ते सगळ्यांना कळत होतं असं नाही.

नाणंवेडी:
मग मान्तेन्याचं काय? तो राजा नव्हे, पगारी चित्रकार. आयुष्यभर पुराणवस्तू जमवल्या. म्हातारपणी कर्जात बुडाला तेव्हा, १५०६ साली, त्यानं आपली लाडकी फाउस्टिना, एक प्राचीन संगमरवरी अर्धपुतळा, १०० दुकातांना (हीही सोन्याची नाणी) विकायला काढली. त्याच वर्षी गेला. खवचट, हे मिरवणं?

खवचट:
नाही. मान्तेन्या सोडला. पण ती घेतली कोणी? मांतुआच्या सत्ताधीशाची बायको इझाबेला देस्ते हिनं. तिच्याच सासरच्या पदरी त्यानं चाळीसहून अधिक वर्षं चाकरी केली होती, आणि त्या म्हाताऱ्याशी बाईंनी भावात घासाघीस केली. या बाईंचं स्वतःचं सोन्याचं पदक व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यावर 'इझाबेला' हे नाव हिऱ्यांनी जडवलंय. तेही उलटून बघणाऱ्यासाठीच का?