'आउटपुट'ला 'उत्पादन' म्हणावं का? प्रकल्पांच्या मूल्यमापनातले शब्द

प्रश्न

परदेशी निधीवर चाललेल्या एका शेती आणि जैवविविधता प्रकल्पाचा मूल्यमापन अहवाल मराठीत आणते आहे. आउटपुट (प्रकल्पाने काय केलं), आउटकम (त्यातून काय बदललं) आणि इम्पॅक्ट (पुढे दूरवर काय फरक पडला) हे तीन शब्द पानोपानी येतात. माझ्या आधीच्या अनुवादकाने उत्पादन, परिणाम, प्रभाव असे शब्द योजलेत. तेच ठेवू का? आणि मूल्यमापन म्हणू की मूल्यांकन?

उत्तर

सोपं आधी उरकतो. प्रकल्पाचं मूल्यमापन. मूल्यांकन हा शब्द जमिनीची, घराची, मालमत्तेची किंमत ठरवण्यासाठी रुळलेला आहे. प्रकल्पाला तो लावणं हल्ली हिंदीच्या वळणाने वाढलंय. तुमच्या विषयात दोन्ही शब्द लागतील. जंगलाची पैशांत किंमत काढली तर ते मूल्यांकन, जंगल राखण्याचा प्रकल्प साधला की नाही हे तपासलं तर मूल्यमापन. म्हणून भेद राखाच.

'उत्पादन' मात्र आजच काढा. दुसऱ्या विषयात खपून गेलं असतं, शेतीत नाही. 'प्रकल्पाचे उत्पादन : ४० शेतीशाळा' असं लिहिलं की वाचणारा क्विंटल शोधू लागतो. शिवाय उत्पादन आणि उत्पन्न यांची गल्लत आधीच पुष्कळ होते. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यात एका पाहणीची प्रश्नावली घेऊन मी घरोघर फिरलो. तीत 'उत्पादन वाढले का?' एवढा एकच रकाना होता. सोयाबीन लावणारे एक काका म्हणाले, "उतारा बरा पडला की. एकरी दोन पोती जास्त. पण भाव बसला, हाती काय राहिलं?" मी 'होय'वर खूण केली. त्यांच्या घरातलं उत्पन्न घटलं होतं आणि माझ्या कागदावर प्रकल्प यशस्वी झाला होता. ती खूण अजून टोचते.

म्हणून आउटपुटसाठी सरळ 'झालेली कामे' लिहा. आउटकम म्हणजे 'फलित'. इम्पॅक्टला 'परिणाम'. 'प्रभाव' नको, कारण त्या शब्दात जोर गृहीत धरलेला असतो. प्रभाव पडतो, प्रभावाखाली माणूस येतो, प्रभावी माणूस असतो. परिणाम चांगला होतो, वाईट होतो, कधी होतही नाही. मूल्यमापन करणाऱ्याला असाच शब्द हवा, ज्यात निकाल आधीच ठरलेला नाही.

याला इंडोनेशियाचं उदाहरण चांगलं आहे. तिथे तपकिरी तुडतुड्यांनी भात जळत होता आणि फवारण्यांनी तुडतुडे खाणारे कोळी मरत असल्याने कीड उलट माजत होती. १९८६ साली सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली. कीटकनाशकांवरचं भरघोस अनुदानही १९८९ पर्यंत काढून घेतलं. त्याच वर्षी जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या. हंगामभर आठवड्यातून एकदा बांधावर जमायचं, भाताची चूड निरखायची, कीड किती आणि मित्रकीटक किती ते मोजायचं, मग फवारायचं की नाही ते आपसांत ठरवायचं. आपला कृषी विभाग आणि जागतिक बँकेच्या कर्जातला पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प) ज्या शेतीशाळा भरवतात, त्यांचं मूळ तिथे आहे.

२००४ साली फेडर, मुरगई आणि क्विझॉन या अभ्यासकांनी १९९१ आणि १९९९ च्या पाहण्या ताडून पाहिल्या. शाळेत गेलेल्या शेतकऱ्यांच्या उत्पादनात किंवा कीटकनाशकांच्या वापरात लक्षणीय फरक त्यांना आढळला नाही. यावर बराच वाद झाला. 'शेतीशाळांचा प्रभाव आढळला नाही' म्हटलं की शाळाच निष्प्रभ ठरल्या असं ऐकू येतं. 'या दोन बाबतींत परिणाम दिसला नाही' म्हटलं की वाचणारा पुढे विचारतो, मग कशात दिसला असता? खाचरातले कोळी किती वाढले, हा त्या ताळ्यातला आकडाच नव्हता.

आणि फवारणी कमी झाली असेल तर ती शाळेमुळे, बंदीमुळे की औषध महागल्यामुळे? इथे तुमच्या अहवालात ॲट्रिब्यूशन आणि कॉन्ट्रिब्यूशन येईल. त्यांना जडजड संस्कृत शब्द घडवू नका. 'श्रेय' आणि 'हातभार' घरचे आहेत. सगळं श्रेय प्रकल्पाचं, की प्रकल्पाचा हातभार लागला, हा फरक ग्रामसभेत कुणालाही समजावून सांगावा लागत नाही.

आणखी एक शंका

इम्पॅक्टला 'परिणाम' केलंत, पण ओईसीडी या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या मूल्यमापनाच्या निकषांत इफेक्टिव्हनेस वेगळा आहे. त्याला सगळे 'परिणामकारकता' म्हणतात. दोन्ही एकाच पानावर आले की गोंधळ होणार. सस्टेनेबिलिटीला 'शाश्वतता'च ना?

उत्तर

गोंधळ होईल हे खरं, हे मी आधीच सांगायला हवं होतं. १९९१ चे पाच निकष २०१९ मध्ये सहा झाले, सुसंगतीची भर पडली. त्यातल्या इफेक्टिव्हनेसचा अर्थ ठरवलेली उद्दिष्टं गाठली का, एवढाच. 'उद्दिष्टपूर्ती' लिहा, टक्कर टळेल. 'शाश्वतता' मला इथे पटत नाही. शाश्वत म्हणजे कायमचं. मूल्यमापनात विचारायचं असतं ते निधी थांबल्यावर काम टिकलं का. 'टिकाव' पुरे.

किनाऱ्यावरून

जैवविविधतेच्या बाजूने एक भर. सिंधुदुर्ग किनाऱ्यावर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या मदतीने सागरी जैवविविधतेचा प्रकल्प झाला, तेव्हापासून इकडच्या कागदांवर खारफुटीच्या जंगलाला 'कांदळवन' हा शब्द फार दिसतो. सरकारी कक्षाचं नावही तेच. पण खाडीकाठी कांदळ म्हणजे एक झाड, आधारमुळांवर उभं राहणारं. तिवर वेगळी, चिपी वेगळी. २०२० साली राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून जिची निवड झाली ती पांढरी चिपी, कांदळ नव्हे. प्रश्नावलीत 'कांदळ वाढले का?' विचाराल तर एका झाडाचं उत्तर मिळेल आणि अहवालात ते सगळ्या वनाचं म्हणून जाईल. 'खाडीत कोणकोणती झाडं आहेत, कुठलं वाढलं, कुठलं दिसेनासं झालं' असं विचारा. नावं खाडीकाठचे लोक सांगतील. ती जशीच्या तशी लिहून घ्या, प्रमाण मराठीत बदलू नका.

प्रश्नकर्ती

'उत्पादन' सगळीकडून काढलं. 'उत्पादन वाढले का?' या एका रकान्याचे आता दोन केलेत : 'एकरी उतारा' आणि 'खर्च वजा जाता हाती राहिलेली रक्कम'.