हिमोग्लोबिन विचारतात, झोप लागते का ते कोणी विचारत नाही

पाथर्डी_फाटा: सातवा महिना चालू आहे. रविवारी डोहाळजेवण झालं. फुलांची वाडी, ओटी, पेढा निघाला की बर्फी यावर अर्धा तास गलका. तीन आठवडे मी पहाटे तीनला उठून छताकडे बघत पडते, हे त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. दर महिन्याला वजन, बीपी, हिमोग्लोबिन होतं. डॉक्टर चांगल्या आहेत, पण 'रडू येतं का' असं एकदाही विचारलं नाही, फाइलीत तसा रकानाच नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर हल्ली सगळे बोलतात, पण ते पुष्कळदा गरोदरपणातच सुरू झालेलं असतं. तपासणीत मनाबद्दल दोन प्रश्न हवेतच, असं माझं मत.

सुरगाण्याची_नर्स: ताई, राग मानू नका, पण आधी रक्त. गरोदरपणात ११ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे अ‍ॅनिमिया, आणि आमच्याकडे ८-९ वाल्या बाया भातलावणीला जातात. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी रोज एक, १८० दिवस घ्यायची. मळमळतं, शौचाला काळी होते म्हणून डब्यात पडून राहते. घेतली तरी चहाबरोबर! चहाने लोह अंगी लागत नाही. थकवा, चिडचिड, कशातच मन नाही, हे रक्त कमी असल्यावरही होतं. अमृत आहार योजनेत आदिवासी भागात अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं, ते तिच्या पोटात जातंय का ते आधी बघा. मन नंतर.

पाथर्डी_फाटा: माझं ११.८ आहे. थायरॉइडही नॉर्मल. मग माझ्या पहाटेच्या तीनचं काय करू?

सातपूरकर: अहो, पोटात लाथा बसतायत, पाठ दुखतेय, दर तासाला बाथरूम. झोप कशी लागणार? आता त्यालाही आजार म्हणायचं का?

जेलरोडच्या_आजी: आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, तरी लेकरं झालीच, असं मीही म्हणायचे. पण दुसऱ्या खेपेला मला घासच उतरत नव्हता. नागलीची भाकरी बघूनही रडू यायचं. सासूबाई म्हणाल्या, डोहाळे असतील. डोहाळे नव्हते ते. नर्सबाई, मनच ठीक नसेल तर बाई गोळी तरी कशाला गिळेल?

सुरगाण्याची_नर्स: आजी, तुमचं पटलं. तसली बाई माझ्यासमोर आली तर मी फक्त रक्त कमी म्हणून लिहिलं असतं. सातपूरकर, दोन आठवडे सलग उदास वाटणं, आवडतं तेही नकोसं होणं हे लाथांमुळे होत नाही. टेलिमानस म्हणून सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ नंबर, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तरी माझी खरी अडचण वेगळीच आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांच्या मातृत्व तपासणीला रांग दाराबाहेर जाते. प्रत्येकीशेजारी सासू नाहीतर नवरा. त्यांच्यादेखत 'रडू येतं का' विचारलं तर ती 'नाही' म्हणणार, आणि मी तसं लिहून मोकळी होणार.

पाथर्डी_फाटा: मग वजन करताना विचारा ना. काट्यावर ती एकटीच उभी असते. बाकी, गोळी मीही चहाबरोबरच घेत होते. उद्यापासून दुपारी, लिंबूपाण्याबरोबर.