परदेशी विद्यापीठाच्या कुलपतिपदाला उभं राहायचं तर काय काय लागतं?

खानापूरकर
नमस्कार मंडळी. आमच्या नात्यातले एक काका ऑक्सफर्डचे डी.फिल. (तिथली पीएच.डी.) आहेत, निवृत्त होऊन आता बेळगावच्या टिळकवाडीत असतात. तिथला कुलपती माजी विद्यार्थी मतदानानं निवडतात, म्हणून पुढच्या खेपेला त्यांनी उभं राहावं असं घरात चाललंय. भारतीय नागरिकाला चालतं का? सूचक किती लागतात? मोजणी कशी होते? आणि आपल्या राणी चन्नम्मा विद्यापीठात अशी काही सोय आहे का?

सीमाभाग पदवीधर
शेवटचा प्रश्न आधी घेतो. राणी चन्नम्माचे कुलपती म्हणजे कर्नाटकाचे राज्यपाल. उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती. पदाबरोबरच ते येतं, निवडणूक नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही कुलपती राज्यपालच, पण तिथं नोंदणीकृत पदवीधर अधिसभेवर आपले १० प्रतिनिधी निवडून देतात. आपल्याकडच्या पदवीधराच्या मताला वाव आहे तो तिथं.

आता ऑक्सफर्ड. लॉर्ड पॅटन २००३ पासून कुलपती होते, ते जुलै २०२४ अखेर पायउतार झाले. त्यानंतरच्या निवडणुकीपासून नियम बदलले. पूर्वी ५० पदवीधरांच्या सह्या लागायच्या, त्या आता लागत नाहीत. उमेदवार स्वतःच अर्ज करतो. नागरिकत्वाची अट नाही. अडवणाऱ्या अटी मात्र नीट वाचा. विद्यापीठाचा सध्याचा विद्यार्थी किंवा नोकर चालत नाही. लोकनियुक्त कायदेमंडळाचा विद्यमान सदस्य चालत नाही, आणि तशी उमेदवारी जाहीर केलेलाही नाही. धर्मादाय संस्थेचा विश्वस्त होण्यास अपात्र ठरलेला माणूस बाद. त्यावर ब्रिटिश करखात्याच्या निकषांप्रमाणे ‘योग्य व्यक्ती’ असल्याची छाननी.

सह्यांची अट गेल्यामुळे २०२४ मध्ये ३८ जण रिंगणात उरले. इम्रान खान यांनी अर्ज केला होता, त्यांचं नाव अंतिम यादीत आलं नाही. निवडून आले विल्यम हेग. आता मुदत १० वर्षांची आहे, म्हणजे मध्येच जागा रिकामी झाली नाही तर काकांना २०३४-३५ पर्यंत थांबावं लागेल. हे घरात आधी सांगा.

गणिताचे मास्तर
मोजणी समजायला लांब जायला नको. आपल्या विधान परिषदेच्या वायव्य पदवीधर मतदारसंघात मत देतो तसंच: नावापुढं १, २, ३ असा पसंतीक्रम. जागा एकच, त्यामुळं निम्म्याहून जास्त मतं मिळवणारा जिंकतो. कुणालाच मिळाली नाहीत तर तळाचा उमेदवार बाद आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीला जातात. समजा १०० मतं आहेत: अ ४०, ब ३५, क २५. क बाद झाला. त्याच्या २५ पैकी १८ जणांनी दुसरी पसंती ब ला दिली, ५ जणांनी अ ला, आणि दोघांनी पुढं काही लिहिलंच नाही. ब ५३, अ ४५. पहिल्या फेरीत मागं असलेला ब निवडून आला.

ऑक्सफर्डला हे दोन टप्प्यांत झालं. ऑक्टोबरअखेर ३८ मधून पाच निवडले, नोव्हेंबरमध्ये त्या पाचांत पुन्हा मतदान. शेवटच्या फेरीत हेग १२,६०९ आणि एलिश अँजिओलिनी ११,००६. म्हणून प्रचारात ‘मला एक नंबर द्या’ एवढंच मागू नये. दुसऱ्याच्या समर्थकाकडून दोन नंबर मागायला लाज वाटू देऊ नका, खरी निवडणूक तिथंच फिरते.

खानापूरकर
मास्तर, आता लख्ख कळलं. दहा वर्षं थांबणं काकांना जमेल असं वाटत नाही. दुसरीकडं कुठं?

सीमाभाग पदवीधर
केंब्रिजची निवडणूक जुलै २०२५ मध्येच झाली, लॉर्ड ख्रिस स्मिथ निवडून आले. तिथंही मुदत आता १० वर्षं. पण तिथं ५० सूचक अजून लागतात आणि ते सिनेटचे सदस्य असावे लागतात, म्हणजे केंब्रिजची एम.ए. किंवा त्यावरची पदवी घेतलेले. नुसत्या बी.ए.ची सही बाद होते. म्हणून सह्या ६०-६५ तरी जमवाव्यात. उमेदवार मात्र तिथं शिकलेलाच हवा असं नाही. २०११ मध्ये मिल रोडवरचे दुकानदार अब्दुल अरैन उभे होते. त्यांना ३१२ मतं मिळाली, विजयी लॉर्ड सेन्सबरींना २,८९३.

वाट पाहायची नसेल तर स्कॉटलंडकडं बघा. ग्लासगो, एडिनबरा, अबर्डीन, सेंट अँड्र्यूज इथं ‘रेक्टर’ दर तीन वर्षांनी निवडतात आणि मतदार असतात सध्याचे विद्यार्थी, एडिनबरात कर्मचारीही. रेक्टरला विद्यापीठाच्या ‘कोर्ट’ या कारभारी मंडळात स्थान असतं, विद्यार्थ्यांची गाऱ्हाणी तिथं मांडायची असतात. ग्लासगोनं २०१४ मध्ये अमेरिकेची गुप्त पाळत उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनला निवडलं, तो रशियात अडकलेला. तत्त्वाला पाठिंबा म्हणून ते ठीक, पण बैठकीला येणारा माणूस विद्यार्थ्यांना मिळाला नाही. बेळगावात बसून हे पद घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शहापूरची वाचक
उमेदवारीपेक्षा मतदारनोंदणीत जास्त लोक गळतात, त्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आपल्याकडं पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्यानं होते, फॉर्म १८ भरला नाही तर नाव येत नाही. ऑक्सफर्डलाही पदवी आहे म्हणून मत आपोआप मिळालं नाही. आधी नोंदणी करावी लागली आणि तिची मुदत १८ ऑगस्ट २०२४ ला संपली, उमेदवारांची यादी जाहीर होण्याच्या कितीतरी आधी. ज्यांना काकांना मत द्यायचंय त्यांना उमेदवारीची बातमी कळेपर्यंत दार बंद झालेलं असेल.

आपल्या लोकांची दुसरी अडचण नावाची. प्रमाणपत्रावर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं. किंवा एकीकडं वडिलांचं नाव मध्ये आणि दुसरीकडं फक्त आद्याक्षर. पडताळणी अडकते. माजी विद्यार्थी कार्यालयाकडं नाव आणि ईमेल आताच दुरुस्त करून घ्यावा.

निवेदन लिहिताना फी कमी करीन, जागा वाढवीन असलं काही लिहू नये. रोजचा कारभार कुलगुरू बघतात. कुलपती समारंभांचं अध्यक्षपद सांभाळतात, कुलगुरू निवडणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडं असतं, देणग्या आणि विद्यापीठाची बाजू मांडणं हे त्यांचं काम. काकांनी त्यातलं काय केलंय तेवढंच लिहावं.

आणि खानापूरकर, एक नक्की विचारा: प्रबंध मंजूर झाल्यावर काकांनी पदवी प्रत्यक्ष घेतली का? समारंभाला गेले नसतील तर गैरहजेरीत तरी घेतलेली हवी. नुसतं उत्तीर्ण होऊन तिथल्या ‘कॉन्व्होकेशन’चं, म्हणजे पदवीधरांच्या मंडळाचं, सदस्यत्व मिळत नाही, आणि त्याशिवाय काकांना स्वतःलाही मत देता येणार नाही.