आयक्यू चाचणी घेऊन बुद्धिबळाची बॅच निवडावी का?

अडीच_घरं
शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांची बुद्धिबळाची खास बॅच काढायची आहे. जागा २०, नावं आली ९०. समितीत दोन तट आहेत. एक म्हणतो आयक्यू चाचणी घ्या आणि वरची २० उचला, कारण 'खेळाच्या नावातच बुद्धी आहे'. दुसरा म्हणतो ज्यांना फिडे रेटिंग (फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने स्पर्धांच्या निकालांवरून दिलेला दर्जाचा आकडा) आहे त्यांना घ्या, विषय संपला. बुद्धी आणि बुद्धिबळ यांचा संबंध नेमका किती, हे आकड्यांत सांगू शकेल का कुणी? आणि दोन्ही नको म्हटलं तर निवड कशावर करायची?

काळा_उंट
नावावर जाऊ नका. जुन्या मराठीत 'बुद्धिबळे खेळणे' असं अनेकवचन चालायचं, त्यावरून आयक्यू ठरवायला बसलो तर सागरगोट्यांतून भूगोल काढावा लागेल.

आकडे असे. २०१६ मध्ये बर्गॉइन या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. नवं कोडं समोर आल्यावर ते तर्काने सोडवण्याची क्षमता आणि बुद्धिबळातलं कौशल्य यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) निघाला सुमारे ०.२४. वर्ग केला की ६ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे खेळाडू-खेळाडूंत जो फरक दिसतो, त्यातला ६ टक्केच या क्षमतेशी जोडता येतो. त्यातही वयाप्रमाणे फरक आहे: मुलांमध्ये ०.३२, प्रौढांमध्ये ०.११.

तुमची मुलं लहान आहेत म्हणून ०.३२ धरू. ९० पैकी आयक्यूने वरची २० निवडली, तर खऱ्या अर्थाने बुद्धिबळात वरच्या २० मध्ये बसणारी त्यात किती असतील? गणिताने साधारण ७ येतात. डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या तरी ४-५ मिळतात. तेव्हा चाचणीचा सगळा खटाटोप दोन-तीन मुलांसाठी, आणि तेरा चांगली मुलं दाराबाहेर.

प्यादं_पुढे
संबंध कमी का, ते पटावरच दिसतं. (घराच्या नावात अक्षर उभ्या ओळीचं, आकडा आडव्या रांगेचा.) पांढरा राजा ई५ वर, त्याच्या मागे पांढरं प्यादं ई४ वर, काळा राजा ई७ वर. बाकी पट रिकामा. चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो, चाल पांढऱ्याची असेल तर डाव बरोबरीत. काळ्याला हलावंच लागतं; तो डी७ वर गेला की पांढरा राजा एफ६ वरून आत घुसतो आणि प्याद्याला वाट करून देतो. पांढऱ्याची चाल असेल तर उलट होतं: तो डी५ वर गेला की काळा डी७ वर येऊन पुन्हा समोर उभा.

हे ज्या मुलाला शिकवलंय ते दोन सेकंदांत सांगतं. ज्याला शिकवलेलं नाही ते कितीही तल्लख असो, पाच मिनिटं हिशेब करतं, घड्याळ घालवतं आणि बरेचदा चुकतं. अशा शेकडो जागा आहेत. डावात 'हुशारी' म्हणून जे दिसतं, त्यात ओळखीच्या जागांचा साठा फार मोठा असतो.

यावरचा जुना प्रयोग विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांचा, १९७३ चा. मूळ कल्पना डच मानसशास्त्रज्ञ डी ग्रूट यांची. खऱ्या डावातली स्थिती, पटावर वीस-पंचवीस मोहरे, ५ सेकंद दाखवायची आणि मग रिकाम्या पटावर मांडायला सांगायचं. मास्टरने पहिल्याच प्रयत्नात १६ च्या आसपास मोहरे बरोबर मांडले, मधल्या दर्जाच्या खेळाडूने ८, नवख्याने ४. मग तेच मोहरे पटावर वाटेल तसे विखरून ठेवले, आणि मास्टरची मिजास उतरली. तिघंही तीन-चार मोहऱ्यांवर आले. प्रयोगात माणसं तीनच होती हे खरं. पण पुढच्या प्रयोगांतही हेच दिसलं. फक्त विखुरलेल्या पटावरही मास्टर किंचित सरस ठरतात, एवढी दुरुस्ती झाली.

शाळेत करून बघायला दहा मिनिटं लागतात. एक काळजी घ्या: मोहरे विखरताना प्यादी पहिल्या आणि आठव्या रांगेत ठेवू नका, तसंच दोन्ही राजे शेजारी नकोत. नाहीतर मुलं त्या विचित्रपणालाच खूण म्हणून पकडतात आणि निकाल बिघडतो.

मात_मात
म्हणजे बुद्धीचा काही संबंधच नाही. जगज्जेत्या कास्पारोव्हचा आयक्यू 'डेर श्पीगल' या जर्मन साप्ताहिकाने मोजला तेव्हा १३५ च्या घरात निघाला. चांगला आहे, पण जगज्जेत्याकडून लोक १८०-१९० ची अपेक्षा करतात. बिलालिच हे मानसशास्त्रज्ञ आणि मंडळींच्या २००७ च्या अभ्यासात ५७ मुलं होती. त्यातल्या सर्वांत तगड्या २३ जणांत तर संबंध उलटा निघाला: आयक्यू जास्त, खेळ कमी!

काळा_उंट
@मात_मात, गल्लत इथेच होते. त्या अभ्यासात पूर्ण ५७ मुलं घेतली तर सरावाचा वाटा सर्वांत मोठा होता, पण बुद्धीचाही होता. उलटा संबंध फक्त वेचलेल्या २३ मध्ये दिसला, आणि त्याचं कारणही त्यांनी दिलंय: त्या गटातली जास्त आयक्यूची मुलं सराव कमी करत होती.

शिवाय वेचलेल्या गटात सहसंबंध तसाही लुळा पडतो. बास्केटबॉलच्या व्यावसायिक संघातल्या खेळाडूंची उंची आणि गुण यांची तुलना केली तर उंचीचं महत्त्व कमीच दिसेल, कारण बुटके आधीच गाळले गेलेत. रेटिंग असलेल्या प्रौढ खेळाडूंचंही असंच. सुरुवातीला जे भरभर शिकत नाहीत त्यातले बरेच खेळ सोडतात. उरलेल्यांत बुद्धीचा फरक कमी आणि तासांचा फरक जास्त. बुद्धीचं काम दारापाशी जास्त असतं, घरात शिरल्यावर कमी.

पण तास म्हणजेच सगळं, असंही नाही. गोबे आणि कांपितेल्ली या संशोधकांनी अर्जेंटिनाच्या १०४ खेळाडूंची माहिती घेतली. मास्टर दर्जाला पोचायला सरासरी ११,००० तास लागले. पण सर्वांत जलद पोचलेल्याला लागले ३,०१६ आणि सर्वांत हळू पोचलेल्याला २३,६०८. जवळजवळ आठपट. हा फरक नुसत्या कष्टाने समजावता येत नाही. सुरुवातीचं वय, शिकवणारा, स्मरण, चिकाटी, सगळं त्यात आलं.

घड्याळ_दाबा
रेटिंगवाल्या तटासाठी दोन शब्द. मुलांचं रेटिंग फार हलतं. १८ वर्षांखालील खेळाडूचं रेटिंग २३०० च्या खाली असेल तर फिडेचा के-गुणक ४० असतो, म्हणजे अपेक्षेपेक्षा एक गुण जास्त-कमी मिळाला की रेटिंग ४० ने हलतं. नऊ फेऱ्यांची स्पर्धा, सगळे प्रतिस्पर्धी बरोबरीचे, तर अपेक्षित गुण साडेचार. सहा मिळाले की ६० ने वर, तीन मिळाले की ६० ने खाली. दोन बऱ्या-वाईट आठवड्यांत १२० चा झोका, आणि मूल तेच.

दुसरं, १ मार्च २०२४ ला फिडेने किमान रेटिंग १४०० केलं आणि २००० च्या खालच्या सगळ्यांना एकदाच वाढ दिली: २००० मधून रेटिंग वजा करायचं आणि त्याच्या ४० टक्के मिळवायचे. म्हणजे १००० चे झाले १४००, १५०० चे झाले १७००. त्याआधीचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी ठेवून 'प्रगती' मोजू नका. पालक हमखास मोजतात.

तिसरं, आणि शाळेसाठी हेच महत्त्वाचं: रेटिंग म्हणजे पालकांनी किती स्पर्धांचं प्रवेशशुल्क भरलं आणि किती शनिवार-रविवार प्रवास केला, हेही असतं. ज्याला रेटिंग नाही त्याला खेळ येत नाही, असं नव्हे.

अडीच_घरं
आभार. समितीत उद्या मांडतो. एक उपप्रश्न: मुख्याध्यापकांना सांगितलंय की बुद्धिबळाने गणिताचे गुण वाढतात. हे कितपत खरं?

काळा_उंट
यावर भिस्त ठेवू नका. इंग्लंडमध्ये १०० शाळांत मोठी चाचणी झाली, ९-१० वर्षांची चार हजारांवर मुलं. निम्म्या शाळांत ३० तास बुद्धिबळ शिकवलं, बाकीच्या शाळा नेहमीसारख्या चालल्या. वर्षभराने गणितात फरक नाही. छोट्या अभ्यासांत फायदा दिसतो, पण त्यातल्या बहुतेकांत तुलनेच्या गटाला दुसरं काहीच नवं दिलेलं नसतं. मग फायदा बुद्धिबळाचा की नव्या तासाच्या उत्साहाचा, हे वेगळं काढता येत नाही. बुद्धिबळ बुद्धिबळासाठी शिकवा, कारण पुरेसं आहे.

प्यादं_पुढे
आता निवडीचं. ९० ही मुलं सहा आठवडे घ्या, आठवड्याला दोन तासिका, प्रत्येकी ९० मिनिटं. एकूण १२ तासिका: दोन शिकवण्याच्या, दोन चाचणीच्या, आठ डावांच्या.

शिकवण्याच्या तासिकांत सगळ्यांना एका पातळीवर आणा: वजिराने मात, हत्तीने मात, वर सांगितलेली ई५-ई४ ची स्थिती, घोड्याचा दुहेरी हल्ला. त्यानंतर लगेच पहिली चाचणी, १२ कोडी. शेवटच्या आठवड्यात दुसरी, तेवढ्याच अवघड पण वेगळ्या १२ कोड्यांची. त्याच कोड्यांचा कागद पुन्हा दिलात तर पाठांतर मोजाल. दोन चाचण्यांतला फरक हा शिकण्याचा वेग, आणि आयक्यूकडून तुम्हाला जे हवं होतं ते हेच.

यात एक खड्डा आहे. ज्यांना आधीच खेळ येतो ते पहिल्याच चाचणीत १२ पैकी ११ घेतात, त्यांना वाढायला जागाच उरत नाही. म्हणून दोन्ही कागदांत शेवटची तीन कोडी मुद्दाम कठीण ठेवा.

डावात प्रत्येकाला २५ मिनिटं, वर दर चालीला १० सेकंद. ४० चालींचा डाव धरला तर दोघांची मिळून ६३-६४ मिनिटं होतात, वर २५ मिनिटं उरतात. ती वहीसाठी. प्रत्येकाने चाली लिहायच्याच, आणि डाव संपल्यावर आपली चूक झाली ती एक चाल शोधून तिच्याखाली रेघ मारायची. शेजारी कारण एका ओळीत. 'घाई झाली' हे कारण धरू नका. 'घोडा हलवला म्हणून एफ२ चं प्यादं उघडं पडलं' हे धरा. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक-प्रोग्राम, या टप्प्यावर बंद. फोनवर लाल खूण बघितली की मूल 'हो, कळलं' म्हणतं आणि तीच चूक पुढच्या आठवड्यात करतं, कारण शोधण्याची मेहनत यंत्राने केली.

गुण असे वाटता येतील: चाचण्यांतली वाढ ४०, वही ३०, डावांचे निकाल ३०. निकालांना मुद्दाम कमी ठेवलंय, ते आधीच्या सरावाकडे झुकतात. पाचवी आणि सातवी एका यादीत मिसळू नका. या वयात दोन वर्षांचा फरक फार असतो. इयत्तेनुसार तीन याद्या करा आणि प्रत्येकीतून वरची सहा-सात घ्या.

मात_मात
वहीला ३०? हस्ताक्षर चांगलं असलेली मुलं निवडली जातील.

प्यादं_पुढे
अक्षराला शून्य. वहीत दोनच गोष्टी तपासायच्या: लिहिलेल्या चालींवरून डाव पुन्हा मांडता येतो का, आणि रेघ मारलेली चाल खरंच चूक आहे का. दुसरी तपासताना मात्र तुम्ही इंजिन लावा, वेळ वाचेल.

घड्याळ_दाबा
पुढची एक अडचण आत्ताच सांगून ठेवतो. निवडलेल्या मुलांना तीन मिनिटांच्या डावांचा नाद लागतो आणि ओळखीची पहिली चाल दिसली की ती खेळायची सवय जडते. याची फळं मोठ्यांनाही भोगावी लागतात. बिलालिच यांच्याच प्रयोगात अशी स्थिती दिली होती: पाच चालींची प्रसिद्ध मात आहे, वजीर जी८ वर बळी देऊन घोड्याने कोंडलेल्या राजाला मारायचं, पण त्याच पटावर तीन चालींची साधी मातही आहे. चांगल्या खेळाडूंनाही पाच चालींची आधी दिसली, आणि 'अजून छोटी शोधतोय' असं ते म्हणत असताना डोळ्यांची नोंद सांगत होती की नजर त्याच जुन्या घरांवर फिरते आहे. ग्रँडमास्टर मात्र सापडले नाहीत या फासात.

म्हणून बॅचमध्ये कोडं देताना 'मात किती चालींत' हे सांगू नका. उत्तर मिळाल्यावर एकदा विचारा, 'याहून छोटी आहे का?' दहा कोड्यांपैकी दोनांतच ती असावी.

अडीच_घरं
घड्याळं १६ आहेत. ९० मुलांना ४५ पट लागतील.

प्यादं_पुढे
तीस-तीसचे तीन गट करा, १५ पट लागतील. आठवड्याच्या सहा तासिका होतात. सोळावं घड्याळ राखीव ठेवा, एखादं डावाच्या मध्येच बंद पडतंच.