तीन टिंबं दिसली की पोरगं नापास?

खानापूरकर: जावा प्रोग्रामिंगवरची कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. म्हणे, "विद्यार्थी.पत्ता().तालुका().नाव() अशी ओळ लिहिणाऱ्याला क्लासमधली (कोडमधल्या साच्यांमधली) नाती कळलेलीच नसतात." अहो, नाती कळल्याशिवाय ही ओळ लिहिताच येत नाही! विद्यार्थ्याला पत्ता असतो, विद्यार्थी हा पत्त्याचा प्रकार नसतो. म्हणून इथं एक्स्टेंड्स (एक क्लास दुसऱ्याचा प्रकार) नाही, फील्ड (आत ठेवलेली माहिती). दर टिंबाला विचारायचं, आता हातात कुठल्या टाइपचा ऑब्जेक्ट (क्लासवरून बनलेली वस्तू) आला? आमची मराठी माध्यमातली पोरं इथंच अडतात, आणि तुम्ही आधीच नियम ऐकवता.

निपाणीवाला: पोस्ट माझी. नियम १९८७ पासूनचा आहे, लॉ ऑफ डेमीटर: थेट ओळखीच्या ऑब्जेक्टशीच बोला, त्याच्या आतल्या ऑब्जेक्टपर्यंत टिंबांची साखळी लावू नका. पत्ता नल (म्हणजे रिकामा) निघाला की प्रोग्राम बंद पडतो आणि रात्री बारा वाजता फोन मला येतो, तुम्हाला नाही. उद्या पत्ता आणि तालुका यांच्यामध्ये जिल्हा घातला की ही साखळी जिथं जिथं आहे तिथं तिथं कोड फुटणार. विद्यार्थ्यालाच तालुक्याचं नाव देणारी एक मेथड (नावानं बोलावता येणारा कोडचा तुकडा) द्या.

चिकोडी: जावा १५ पासून साखळीतला नेमका कोण नल होता ते एररच सांगते. नलचा बाऊ पुरे.

शहापूर: मेथडची नावं देवनागरीत चालतात?

खानापूरकर: चालतात. जावाला युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांची अक्षरं, चालतं. शिकवणीत मी तशीच लिहून घेतो.

निपाणीवाला: म्हणजे पोरांचं वाटोळं. बंगळुरात मुलाखतीला असला कोड दाखवणार? सीमाप्रश्न आता कोडमध्येपण आणा.

खानापूरकर: काय बोलालायस? गोकाकची पोरं माझ्याकडं कन्नडमध्ये नावं देतात, तीपण कंपाइल होतात. डिप्लोमाला असताना मला 'इनहेरिटन्स' (तेच ते एक्स्टेंड्स) पाठ होतं, अर्थ मात्र विचारायची भीती वाटायची. ती भीती या पोरांना नको.

शहापूर: माझी बहीण याच भीतीनं कॉम्प्युटर सोडून बी.ए.ला गेली. त्यामुळं माझं मत खानापूरकरांना.

निपाणीवाला: बरं, शिकेपर्यंत चालवा देवनागरी. पण साखळी शिकवताय तर हेही शिकवा: भाऊ-बहिणीला एकच पत्ता ऑब्जेक्ट दिला आणि भावाच्या साखळीतून तालुका बदलला, तर बहिणीचापण बदलतो. कॉपी झालेली नसते, दोघांकडं एकच रेफरन्स (त्याच ऑब्जेक्टकडं दाखवणारं बोट) असतो. किती जणांना सांगितलंत?

खानापूरकर: नाही सांगितलं अजून. उद्याच्या बॅचला घेतो. साखळी मात्र फळ्यावर राहणार.