बेळगाव परिसरातील डोंगरमाथ्यांची यादी करायची झाल्यास निकष कोणता धरावा?

प्रश्न (खानापूरहून)

नमस्कार मंडळी. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये स्कॉटलंडमधील ३००० फुटांवरील डोंगरांची यादी प्रसिद्ध केली. आज त्या यादीत २८२ शिखरे आहेत आणि ती सगळी चढून पूर्ण करण्यासाठी तिकडची माणसे वर्षानुवर्षे सुट्या राखून ठेवतात. हे वाचल्यापासून आपल्या भागासाठीही अशी यादी असावी, असे मला मनापासून वाटते. आमचा गट दर सुटीला राजहंसगड, देवरवाडीचा वैजनाथ किंवा फार तर पारगड एवढ्यातच फिरतो, आणि जांबोटी-कणकुंबीपासून हुक्केरीपर्यंतचे कितीतरी माथे केवळ नाव माहीत नसल्यामुळे राहून जातात. बेळगाव, खानापूर आणि हुक्केरीबरोबर पलीकडचे चंदगड व गडहिंग्लज हे तालुकेही त्यात धरावेत, असा विचार आहे. आपल्याकडेही ३००० फुटांचीच अट ठेवावी का? बिनतटबंदीचे डोंगर घ्यावेत की केवळ गड? आणि अभयारण्यात असलेल्या भीमगडाचे काय करावे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ (शहापूर, बेळगाव)

आपली कल्पना उत्तम आहे, परंतु ३००० फुटांची अट आपल्याकडे अजिबात धरू नये. स्कॉटलंडमध्ये पुष्कळ डोंगरांचा पायथा समुद्रसपाटीच्या जवळ असतो, त्यामुळे तिथे उंचीचा आकडा आणि चढाईचे कष्ट यांचा मेळ बसतो. बेळगाव शहरच मुळात सुमारे २५०० फुटांवर वसलेले असल्याने, गावाबाहेरची एखादी साधी टेकडीही त्या आकड्यात सहज बसेल आणि घाटाच्या कडेवरचा खरा दमछाक करणारा डोंगर मात्र बाहेर राहील.

त्याऐवजी उठावाचा निकष घ्यावा, म्हणजे शेजारच्या अधिक उंच डोंगराकडे जाताना जी खिंड लागते, तिच्यापासून माथा किती उंच आहे ते पाहावे. स्कॉटलंडमध्येच गिर्यारोहक जे. आर. कॉर्बेट यांच्या २५०० ते ३००० फुटांच्या डोंगरांच्या यादीत ५०० फुटांच्या उठावाची अट आहे. मन्रो यांनी मात्र असा आकडा ठरवला नव्हता, आणि कोणते शिखर स्वतंत्र मानावे यावर तिकडे अजूनही वाद होतात. आपल्याकडे ३०० फूट, म्हणजे साधारण १०० मीटर, पुरेसे व्हावेत. सर्वे ऑफ इंडियाची १:५०,००० प्रमाणाची पत्रके आता संकेतस्थळावरून घेता येतात. त्यांतल्या बहुतेकांवर समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटरच्या अंतराने असतात. पेन्सिलीचे टोक खिंडीवर ठेवून माथ्यापर्यंत रेषा मोजत जावे. पाच भरल्या तर डोंगर विचारात घ्यावा. जिथे एका रेषेचा घोळ असेल तिथे प्रत्यक्ष मोजणी होईपर्यंत नाव कच्च्या यादीत ठेवावे. २०१२ मध्ये नव्या मोजणीत जेमतेम दीड फूट कमी भरल्यामुळे मन्रोंच्या यादीतून एक शिखर वगळण्यात आले, यावरून काटेकोरपणाचे महत्त्व लक्षात यावे.

खरी अडचण कणकुंबी-चोर्ला भागातल्या सड्यांची आहे. तिथे जांभ्याचे पठार परातीसारखे पसरलेले असते, पावसाळ्यात त्यावर गुडघाभर गवत वाढते आणि सर्वांत उंच जागा नेमकी कोणती, हे चारही दिशांना फिरूनही कळत नाही. अशा सड्यांना यादीतून सरळ वगळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २ (चंदगड)

उठावाचा निकष मला पटतो. मात्र त्याबरोबर पायथ्याच्या गावातून पायी चढण्याची अट नसेल, तर यादीला अर्थ राहणार नाही. राजहंसगडाच्या दारापर्यंत गाडी जाते. पारगडावरही आपल्या बाजूने डांबरी रस्त्याने पोहोचता येते, पण कोकणातल्या मोर्ले गावातून चढले म्हणजे तो गड काय आहे ते कळते. छत्रपती शिवाजी महाराजांनी तानाजी मालुसऱ्यांचे चिरंजीव रायबा यांना तिथे किल्लेदार नेमले होते, आणि गडावर आजही वस्ती आहे.

या वस्तीचाही विचार व्हावा. पारगड, महिपाळगड आणि गंधर्वगड या तिन्ही गडांवर माणसे राहतात. तिथला माथा म्हणजे कोणाचे तरी परसू किंवा खळे असू शकते. विचारल्याशिवाय तिथे शिरू नये. देवस्थान असेल तिथे पायरीपर्यंत पोहोचले की माथा झाला असे मानावे. सर्वांत उंच दगडावर उभे राहण्याचा हट्ट धरून देवळाच्या चौथऱ्यावर चढू नये.

उत्तर ३ (जांबोटी)

भीमगडाबद्दल लिहितो. तो परिसर २०११ पासून अभयारण्य आहे आणि वन खात्याच्या परवानगीशिवाय तिथे जाता येत नाही. याच जंगलातल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटनचे वटवाघूळ राहते. ही दुर्मीळ जात बराच काळ जगात केवळ इथूनच ज्ञात होती. माणसांची वर्दळ त्यांना सोसत नाही. शिवाय या भागात अस्वले आणि गवे आहेत, आणि अस्वलाशी अचानक गाठ पडणे म्हणजे काय, हे आमच्याकडच्या गावांना चांगले ठाऊक आहे.

यादीचा स्वभाव असा असतो की शेवटचे दोन-तीन माथे उरले की माणसाला राहवत नाही, आणि तो अवेळी, विनापरवानगी, एकटा निघतो. म्हणून अभयारण्यातले सगळे माथे वेगळ्या पुरवणीत ठेवावेत आणि यादी पूर्ण होण्यासाठी त्यांची गरज नसावी. खुद्द मन्रो यांचीही यादी अखेरपर्यंत पुरी झाली नव्हती. त्यामुळे त्यांच्या कामाला कुठेही उणेपणा आलेला नाही.

उत्तर ४ (निपाणी)

गडांसाठी उठावाचा निकष लावण्यास माझा विरोध आहे. सामानगडाचे मोल फुटांत मोजता येत नाही. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडाची सुरुवात तिथून झाली. वल्लभगडाची चढण थोडकी आहे, म्हणून तो गाळला तर हुक्केरी तालुक्यातल्या मुलांना ही यादी आपली वाटणार नाही. गडांची यादी स्वतंत्र करावी आणि तिला उंचीची अटच नसावी.

प्रश्नकर्त्याकडून (खानापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन याद्या करण्याचे ठरवले आहे: डोंगरांसाठी १०० मीटर उठाव आणि पायथ्यापासून पायी चढाई; गडांसाठी उंचीची अट नाही, मात्र चालत जाणे आवश्यक. भीमगड पुरवणीत राहील. सड्यांबाबत मात्र मी उत्तर १ शी सहमत नाही. ज्या सड्याची एक बाजू कोकणात किंवा गोव्यात सरळ तुटलेली आहे, तो कड्याच्या काठापर्यंत गेल्यावर झाला, असे मानता येईल. चंदगडच्या मंडळींनी कलानंदीगडाच्या सध्याच्या वाटेबद्दल कृपया लिहावे. पावसाळा संपताच नकाशावरील मोजणीची सुरुवात त्या बाजूने करण्याचा विचार आहे.