जहाजावर शेजारच्या केबिनमधला आवाज आणि धूर : स्वतः बोलावे की तक्रार करावी?

मंदाकिनी

नमस्कार. मी आणि माझे वडील सध्या एका क्रूझवर आहोत आणि प्रवासाचा बराचसा भाग अजून बाकी आहे. आमची केबिन बाल्कनीची आहे. दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांमुळे आम्हाला त्रास होतो आहे, मात्र दोन्ही त्रासांचे स्वरूप वेगळे असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

डावीकडच्या केबिनमध्ये एक वयस्क जोडपे राहते. त्यांच्या आणि आमच्या केबिनच्या मध्ये एक कुलूपबंद दार आहे. रात्री उशिरापर्यंत त्यांचा टीव्ही इतक्या मोठ्याने चालू असतो की बातम्यांमधला शब्दन् शब्द आमच्या पलंगापर्यंत पोहोचतो. माणसे मात्र अतिशय सज्जन आहेत. सकाळी लिफ्टपाशी भेटली की वडिलांची आपुलकीने विचारपूस करतात, त्यामुळे विषय काढायला जीभ रेटत नाही. उजवीकडे मित्रांचा एक गट आहे. त्यांनी आपल्या दोन केबिनच्या बाल्कन्यांमधले पार्टिशन उघडून घेतले आहे आणि रात्री जेवणानंतर ते तिथेच बसतात. गप्पांचे फारसे काही वाटत नाही, पण सिगारेटचा धूर थेट आमच्याकडे येतो आणि वडिलांना दमा आहे. शिवाय पहाटे कुणीतरी जड वस्तू ओढत असल्यासारखा आवाज येतो. तो नेमका कोणत्या बाजूचा आहे हे मला उमगलेले नाही.

केबिनची व्यवस्था पाहणाऱ्या स्टुअर्डला मी सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले, पण फरक पडला नाही. आता मी स्वतः बोलावे की रिसेप्शनकडे जावे? तक्रार केल्यावर उरलेले सगळे दिवस त्याच पॅसेजमध्ये त्याच माणसांना सामोरे जायचे आहे, ही धास्ती मनात आहे. केबिन बदलून मिळते का, हेही कृपया सांगावे.

दीपस्तंभ

मंदाकिनीताई, मी अनेक वर्षे जहाजाच्या रिसेप्शनवर काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो. तुमच्या दोन तक्रारी एकमेकींपासून वेगळ्या ठेवा, कारण एक शेजारधर्माची आहे आणि दुसरी सुरक्षिततेची.

आधी धुराविषयी. याबाबत त्या मंडळींशी बोलायला तुम्ही स्वतः जाऊ नका. आज रात्री धूर येत असतानाच रिसेप्शनला फोन करा. बहुतेक क्रूझ कंपन्यांनी बाल्कनीत धूम्रपानाला पूर्ण बंदी घातली आहे आणि त्यामागे केवळ इतरांची गैरसोय हे कारण नाही. 23 मार्च 2006 रोजी जमैकाकडे निघालेल्या ‘स्टार प्रिन्सेस’ या जहाजाच्या एका बाल्कनीत आग लागली. बाल्कन्यांमधली पार्टिशन पॉलिकार्बोनेटची आणि खुर्च्या प्लास्टिकच्या असल्यामुळे ती थोड्याच मिनिटांत शेजारच्या आणि वरच्या डेकवरच्या बाल्कन्यांमध्ये पसरली. धुराने एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि कितीतरी केबिन जळून निकामी झाल्या. विझवल्याविना टाकलेली सिगारेट हे त्या आगीचे सर्वांत संभाव्य कारण असल्याचे चौकशीत पुढे आले. त्यानंतर सागरी सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि बाल्कनीतली पार्टिशन न जळणाऱ्या साहित्याची असावीत असे बंधन आले. समुद्रावरच्या वाऱ्यात पेटते थोटूक कुठल्या बाल्कनीत जाऊन पडेल हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून जहाजावर ही तक्रार क्षुल्लक मानली जात नाही. सुरक्षा कर्मचारी येऊन पाहणी करतात, पहिल्यांदा समज देतात, पुन्हा तसेच घडले तर अनेक कंपन्या दंड आकारतात, आणि प्रवासी ऐकतच नसेल तर त्याला पुढच्या बंदरात उतरवण्याचा अधिकार कॅप्टनला असतो. तक्रार करणाऱ्याचा केबिन क्रमांक समोरच्याला सांगितला जात नाही. वडिलांच्या दम्याचा उल्लेख आवर्जून करा, म्हणजे नोंद करणाऱ्याला त्यातली निकड कळेल.

टीव्हीचा मार्ग वेगळा आहे. त्या आजी-आजोबांशी तुमची ओळख आहे, त्यांना तुमच्या वडिलांविषयी आपुलकी आहे. अशा वेळी थेट तक्रार गेली तर त्यांना वाईट वाटेल आणि तुम्हालाही अवघडल्यासारखे होईल. दिवसा, ती दोघे निवांत असताना बोला. आवाज कमी करा असे म्हणण्याऐवजी मधल्या दारातून आवाज आरपार येतो हे सांगा, कारण बहुधा त्यांना त्याची कल्पनाच नसते. रात्री भिंतीवर थापा मारणे मात्र कटाक्षाने टाळा. भिंतीपलीकडच्या माणसाला त्यातला राग तेवढा कळतो, कारण कळत नाही.

स्टुअर्डबद्दलही थोडे सांगायला हवे. तो तुमची केबिन सांभाळतो तशाच शेजारच्याही सांभाळतो. प्रवाशाला समज देण्याचा अधिकार त्याला नसतो आणि त्याची मिळकत बऱ्याच अंशी प्रवाशांच्या समाधानावर अवलंबून असते. त्याने तुमचे शांतपणे ऐकून घेतले, यापलीकडे त्याच्या हातात फारसे काही नव्हते. तक्रार रिसेप्शनवर नोंदवा, तारीख आणि वेळ लिहून द्या, आणि शक्य असेल तेव्हा त्रास चालू असतानाच फोन करा. सकाळी सांगितलेल्या रात्रीच्या आवाजाची शहानिशा करता येत नाही. रात्री फोन आला तर माणूस पाठवून दाराबाहेरून ऐकता येते. रिसेप्शन रात्रभर उघडे असते आणि अशा फोनची तिथल्या माणसांना सवय असते, त्यामुळे संकोच बाळगू नका.

ध्वनिलहरी

माझे काम जहाजांच्या अंतर्गत बांधणीचे असल्यामुळे भिंतींबद्दल लिहितो. आजकालच्या क्रूझवरच्या बहुतेक केबिन कारखान्यात पूर्ण तयार करून जहाजाच्या सांगाड्यात सरकवून बसवलेल्या असतात. भिंत म्हणजे दोन पातळ पोलादी पत्रे आणि त्यांच्यामध्ये खनिज लोकरीचा थर. आग अडवायला ही रचना उत्तम आहे, पण घरातल्या विटांच्या भिंतीचे वजन तिला नसते आणि कमी कंपनांचा आवाज अडवण्यासाठी वजनच लागते. त्यामुळे बोलण्याची पुटपुट अडते, पण टीव्हीचा घुमारा, कपाटाच्या दाराचा दणका आणि पोलादी दांडीवर आपटणारे हँगर ऐकू येतात.

मधल्या दारामुळे तुमची अडचण आणखी वाढली आहे. जहाजांवरील आवाजाच्या पातळीविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता 2014 पासून नव्या जहाजांना बंधनकारक आहे. ती खलाशी आणि कर्मचाऱ्यांच्या निवासासाठी आहे, प्रवाशांच्या केबिनसाठी नाही, पण तिच्यातले आकडे बोलके आहेत : दोन केबिनमधल्या भिंतीने किमान 35 डेसिबल आवाज अडवावा अशी अपेक्षा आहे, आणि मध्ये दार असेल तर तीच अपेक्षा 30 डेसिबलवर येते. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनीही दार आवाज सोडणार हे गृहीत धरले आहे. त्यातही सर्वाधिक आवाज दाराच्या फळीतून नाही, तर खालच्या फटीतून आणि चौकटीच्या कडांमधून येतो. स्टुअर्डकडून एक-दोन जास्तीचे मोठे टॉवेल मागून घ्या, घट्ट गुंडाळून त्या दाराच्या तळाशी बसवा आणि वडिलांची उशी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. एवढ्याने शब्द कळेनासे होतात, आणि शब्द कळेनासे झाले की झोप लागण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

आता पहाटेचा आवाज. माझ्या मते तो शेजाऱ्यांचा नाही. पोलादातून आवाज दूरवर पोहोचतो, त्यामुळे वरचा आवाज बाजूचा वाटतो. वरच्या डेकवर पोहण्याचा तलाव किंवा उपाहारगृह असेल तर पहाटे डेक धुताना खुर्च्या ओढल्या जातात. तुमचे वर्णन ऐकून मला पहिल्यांदा तेच आठवले. डेक प्लॅन काढून तुमच्या केबिनच्या नेमके वर काय आहे ते पाहा. केबिन पुढच्या भागात असेल आणि आवाज फक्त बंदराला लागण्याच्या दिवशी येत असेल तर तो नांगराचा किंवा जहाज आडवे सरकवणाऱ्या यंत्रांचा असू शकतो. खवळलेल्या समुद्रात भिंतींच्या जोडांमधून येणारी करकर हा आणखी वेगळा प्रकार. कुणाला काही बोलण्यापूर्वी आवाजाचे मूळ शोधलेले बरे, नाहीतर निरपराध शेजाऱ्याला दोष लागतो.

दार आपटण्याबद्दलही सांगतो, कारण शेजाऱ्यांमधल्या कुरबुरींचे ते मोठे कारण असते. केबिनची दारे आग रोखणारी, वजनदार आणि आपोआप मिटणारी असतात. बाल्कनीचे दार उघडे असताना पॅसेजकडचे दार उघडले तर हवेच्या दाबामुळे ते हातातून निसटून धाडकन बंद होते. आधी बाल्कनीचे दार लावावे आणि मग बाहेर पडावे.

प्रवासिनी

दीपस्तंभ यांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, मात्र आजी-आजोबांशी दोघे एकत्र असताना बोलण्याऐवजी एकट्या आजींशी बोलावे असे मला वाटते. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला त्याचे ऐकू न येणे चारचौघांत दाखवून दिलेले आवडत नाही, आणि टीव्हीचा रिमोट बहुधा आजोबांच्या हातात असणार. आजींना सांगितले तर त्या घरच्या पद्धतीने मार्ग काढतील. पडद्यावर मजकूर दाखवण्याची सोय चालू केली तरी पुष्कळ काम होते.

कानात बोळे घालून झोपायला काहीजण घाबरतात, म्हणून लिहिते : आणीबाणीचा इशारा, म्हणजे सात छोटे आणि एक लांब भोंगा, झोपण्याच्या जागी किमान 75 डेसिबल ऐकू यावा असा नियम आहे. साध्या बोळ्यांमधून तो ऐकू येतो. बोळे बऱ्याचदा रिसेप्शनवर मागितले तरी मिळतात.

निरंजन

वर सगळे टीव्ही आणि गप्पांविषयी चालले आहे, म्हणून एक वेगळी गोष्ट नोंदवून ठेवतो. शेजारच्या केबिनमधून मारहाणीचा, मदतीच्या हाकेचा, कुणी कोसळल्याचा किंवा एकट्या मुलाच्या सततच्या रडण्याचा आवाज आला तर सभ्यपणा, संकोच, दुसऱ्यांच्या घरगुती बाबी असला कोणताही विचार करू नये. फोनवर लिहिलेला आणीबाणीचा क्रमांक लगेच फिरवावा आणि केबिन क्रमांक सांगावा. खात्री नसली तरी फिरवावा. खात्री करून घेणे हे सुरक्षा कर्मचाऱ्यांचे काम आहे. समुद्रावर बाहेरून मदत लगेच येत नाही, तिथे भिंतीपलीकडचा माणूसच सर्वांत जवळचा असतो.

मंदाकिनी

सर्वांचे मनापासून आभार. प्रवासिनी यांच्या सांगण्यानुसार आजींशी बोलले. आजोबा रात्री श्रवणयंत्र काढून ठेवतात आणि मग टीव्हीचा आवाज वाढवतात, असे त्यांनी सांगितले. त्यांना खरोखरच कल्पना नव्हती. त्या इतक्या हळहळल्या की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. काल रात्री पडद्यावर मजकूर चालू होता, दाराच्या फटीत आमचे टॉवेल होते आणि वडील शांत झोपले. पहाटेचा आवाजही उलगडला : आमच्या डोक्यावर तलावाचा डेक आहे.

धुराची तक्रार नोंदवली. सुरक्षा कर्मचारी येऊन गेले. रात्री धूर आला नाही, पण आज दुपारी पुन्हा थोडा वास आला आणि मी तोही लगेच कळवला. रिसेप्शनने आता खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यभागी एक केबिन देऊ केली आहे, मात्र तिला बाल्कनी नाही. वडिलांना समुद्र पाहत बसायला फार आवडते, म्हणून मन होत नाही. घ्यावी का?

दीपस्तंभ

आजोबांचे कळले ते चांगले झाले. श्रवणयंत्र काढल्यावर त्यांना रात्री आणीबाणीचा भोंगाही कदाचित ऐकू येणार नाही. अनेक मोठ्या जहाजांवर अशा प्रवाशांसाठी उशीखाली ठेवायचे, इशारा झाला की थरथरणारे उपकरण असते आणि ते मागावे लागते. आजींच्या कानावर ही गोष्ट जरूर घाला.

केबिनच्या बाबतीत घाई करू नका, पण नकारही देऊ नका. ही केबिन उद्या संध्याकाळपर्यंत आमच्यासाठी राखून ठेवता येईल का, असे विचारा. जहाज निघाल्यानंतर न आलेल्या प्रवाशांच्या जागा रिकाम्या राहतात आणि मधल्या बंदरात कुणी उतरले तर आणखी मोकळ्या होतात, त्यामुळे बाल्कनीची एखादी जागा मिळण्याची शक्यता असते. तुमचे नाव त्यासाठी लिहून ठेवायला सांगा. दुपारच्या वासाची तक्रार ही दुसरी नोंद आहे, आणि दुसऱ्या नोंदीनंतर कारवाई पहिल्यापेक्षा कडक होते. तरीही आज रात्री पुन्हा धूर आला तर मिळेल ती केबिन घ्या. समुद्र वरच्या मोकळ्या डेकवरून दिवसभर पाहता येईल, पण वडिलांची रात्रीची झोप बंद खोलीतच व्हायची आहे आणि तिथली हवा स्वच्छ हवी.

होकार देण्यापूर्वी नव्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते मात्र डेक प्लॅनवर स्वतः पाहून घ्या. दोन्हीकडे केबिनच असतील तर निर्धास्तपणे जा; खाली नाट्यगृह किंवा नाचाचा हॉल असेल तर दुसरी मागा.